अडकलेले कण आणि आम्ही

संशोधनाचे पेपर जमायला वर्षं लागतात, फजिती मात्र रोज एक जमते! बीडच्या आमच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. विषय: जाळ्यावरची कणांची वाहतूक. पुढची जागा रिकामी झाली की कणाने उडी मारायची. गर्दी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की सगळं जाळं एकदम ठप्प! यालाच आम्ही 'अवस्थांतर' म्हणतो.

*

लॅबमधले शेख मामू माझ्या स्क्रीनवरचे ठिपके बरेच दिवस बघत होते.

"सर, तीन सालापासून चालूच हायेत. पोचले कुठं?"

"मामू, ते पोचत नसतात. फक्त पुढं सरकतात."

"मंग तुमच्या प्रमोशनपेक्षा बरे हायेत की!"

*

लिंबागणेशला सासरे सगळ्यांना सांगतात, "जावई ट्रॅफिकवर पीएचडी हायेत."

शेजारी लगेच खुर्ची जवळ ओढतो, "साहेब, पोराचं लायसन अडकलंय, तेवढं बघा की!"

*

खरा डेटा पाहिजे म्हणून सिरसाळ्याच्या बाजारात वही घेऊन उभा राहिलो. बघता बघता चौक ठप्प! मी खूश. डोळ्यांसमोर अवस्थांतर!

तेवढ्यात एक फळवाला ओरडला, "मधी मोटारसायकल कुणाची लावली बे?"

मीही तावातावाने वळून पाहिलं. माझीच होती!

पेपरात लिहिलं, 'स्थानिक अडथळा.'

*

एकदा सगळे कण एकाच कोपऱ्यात गोठले. "नवी अवस्था सापडली!" म्हणत मी अख्ख्या स्टाफला पेढे वाटले.

माझी विद्यार्थिनी ज्योती दोन दिवस प्रोग्रॅम तपासत बसली. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, "सर, प्रोग्रॅममध्ये तुमी अधिकच्या जागी वजा टाकलाय."

पेढे संपले होते!

*

ज्योती शिरूर कासारची. आता डॉक्टर झालीय. तिच्या पीएचडीच्या व्हायवाला तिचे वडील नवी टोपी घालून मागच्या बाकावर बसले होते. ज्योतीने पहिल्याच स्लाइडवर सांगितलं, "समजा, हे कण म्हणजे ऊसतोडीला निघालेली माणसं."

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, "या टोकाने कण आत येतात, त्या टोकाने बाहेर पडतात. बाहेर पडल्यावर त्यांचं काय होतं?"

ज्योतीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. आमचं समीकरण तिथंच संपत होतं.

मागून तिचे वडील हात जोडून उभे राहिले.

"येतेत की साहेब, वापस. दिवाळीनंतर गेलेलो आमी गुढीपाडव्याच्या टायमाला येतो. लेकरं हितंच ठिवलेली असत्यात न्हवं."