आम्ही वेगळे होऊन राहिलो

माझा घटस्फोट झाला तेव्हा ही बातमी साऱ्या साताऱ्याला कळली होती. फक्त मला आणि माझ्या बायकोला ठाऊक नव्हती.

त्या संध्याकाळी इकडे विदर्भात, नंदनवन कॉलनीतल्या घरी मी एकटाच टीव्हीसमोर बसलो होतो. बायको, म्हणजे वैशाली, पारशिवनीजवळच्या खेड्यात माझ्या बहिणीकडे गेलेली. तिथं फोनला रेंज पाहिजे तर चिंचेवर चढावं लागतं! टीव्हीवर वेगळ्या विदर्भावरून चार माणसं एकमेकांवर ओरडत होती. त्यातला एक म्हणाला, आता राज्य होणारच, आणि माझ्या अंगात आलं. (तो दर वर्षी असंच म्हणतो. मी दर वर्षी विश्वास ठेवतो.)

तेवढ्यात साताऱ्याहून सासऱ्यांचा फोन.

"काय जावईबापू, काय चाललंय?"

"काय सांगू आप्पा! आम्ही वेगळे होऊन राहिलो!"

तिकडे कपबशी फुटल्याचा आवाज. मला वाटलं, हादरला पश्चिम महाराष्ट्र!

"वेगळे होऊन राहिलात? अहो, कधीपासून?"

"मागणी जुनीच आहे जी. आता नाही सहन होत."

"पण एवढा त्रास कुणी दिला तुम्हाला?"

"तुमच्याकडच्याच लोकायनं, आप्पा! सारं तुमच्याकडे ओढून नेलं."

"आणि वैशाली काय म्हणते?"

"तिचा विरोध आहे. पण तिले विचारते कोण?"

"ती आहे कुठं?"

"गेली पारशिवनीले. फोन नाही लागत तिचा."

"अहो, मग वाटणी वगैरे..."

"पाणी आमचं, वीज आमची. तुमचं तुम्ही पाहा!"

फोन कट झाला. वादात हरलेला माणूस फोन ठेवणारच, म्हणून मी खुशीत बाकीच्या मित्रांना फोन लावत बसलो. आप्पांना माझा नंबर पुन्हा काही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात जीप उभी. आप्पा, सासूबाई आणि वैशालीचे मामा रात्रभर प्रवास करून आलेले. मामा जुने पैलवान, उतरतानाच बाह्या सरसावत होते. सासूबाईंचे डोळे रडून सुजलेले, पण हातात कंदी पेढ्यांचा खोका होताच. (घटस्फोट झाला म्हणून काय झालं, जावयाच्या दारात रिकाम्या हातानं कसं जायचं!)

"अरे बाप्पा! या विषयासाठी इतक्या दूर आले?" माझी छाती फुगली. माझं मत खोडायला थेट साताऱ्याहून शिष्टमंडळ!

"विषय?" मामा गरजले. "आमच्या रक्ताचा प्रश्न हाय ह्यो!"

"रक्ताचा नाही मामा, अनुशेषाचा!"

आप्पांनी चक्क हात जोडले. "जावईबापू, जुळवून घ्या हो."

"जुळवूनच तर घेतलं इतके वर्षं! आता एकत्र राहणं नाही होत!"

सासूबाईंनी हंबरडाच फोडला. "कपाट उघडा! माझ्या लेकीच्या साड्या घेऊन जाते मी!"

विदर्भाचा आणि साड्यांचा काय संबंध, हे विचारायला मी तोंड उघडलं, तोवर माझी कॉलर मामांच्या मुठीत गेली होती.

आणि फाटक वाजलं. वांग्यांची पिशवी घेऊन वैशाली दारात! सासूबाई धावत जाऊन तिच्या गळ्यात पडल्या. "कुणी गं हाकललं तुला?"

"मले? मले कोण हाकलते?" (ही साताऱ्याची लेक बरं का!)

मग तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही आप्पांना 'होऊन राहिलो' म्हणालात?"

"मंग काय म्हणू?"

तिनं कपाळाला हात लावला. "आप्पा, इथं 'जेवून राहिलो' म्हणजे 'जेवतोय'. 'वेगळे होऊन राहिलो' म्हणजे 'वेगळे होतोय'. आणि तेही हे नाहीत, विदर्भ! यांना स्वतःचा चहा करता येत नाही, हे कुठले वेगळे होतात!"

मामांनी कॉलर सोडली आणि हातानं नीट सारखी करून दिली. सासूबाईंनी डोळे पुसून पेढ्यांचा खोका उघडला. जीव भांड्यात पडला, तेव्हा कुठे पेढा गिळला.

जेवताना आप्पा हळूच म्हणाले, "पण खरंच वेगळे झालात, तर आमची लेक परराज्यात गेली म्हणायची की हो."

वेगळं राज्य मला आजही पाहिजे. पण लेकीसाठी रात्रभर धावत आलेल्या माणसाला परराज्यातला म्हणायला माझी जीभ वळेना. "राज्य होईल तेव्हा होईल, आप्पा," मी म्हटलं, "वांगं घ्या."

मग आलोच आहोत तर आठ दिवस राहतो, असं ठरलं. मायलेकी आमच्या खोलीत, आप्पा आणि मामा दुसऱ्या खोलीत, आणि माझी रवानगी हॉलमधल्या सोफ्यावर. विदर्भाचं काही झालं नाही. मी मात्र आठ दिवस वेगळा होऊन राहिलो, आणि तेही अगदी साताऱ्याच्या अर्थानं!