भंतेजींची माळ

चंदनाचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. ऐंशीच्या दशकात शाळेनं आम्हा दहा पोरांना चिनी संस्कृती दाखवायला चीनला नेलं. तिथल्या विहारातली घंटा एवढी मोठी, की वाजवली तर नागपुरातल्या सीताबर्डीची दुकानं हलावीत! म्हातारे भंतेजी दुभाष्याकरवी म्हणाले, "बुद्धाच्या देशातले ना? वंदना म्हणा." सोबत आलेल्या सरांनी आपल्या लाडक्या पहिल्या नंबराला पुढे ढकललं, तर तो घाबरून 'शुभं करोति' म्हणू लागला! मग मी आईनं शिकवलेलं त्रिसरण, 'बुद्धं सरणं गच्छामि', असं ठणकावलं, की छपरावरचे ड्रॅगन जागे झाले. भंतेजींनी स्वतःची चंदनाची माळ माझ्या गळ्यात घातली. बाहेर येताच सर म्हणाले, "काढ गा ते, हरवून टाकशील." "सर, आईले द्याची आहे." "नागपूरले गेल्यावर घेजो ना!" नागपुरात आईनं ओंजळ पुढे केली, आणि माळ होती चीनवारीबद्दल सरांच्या सत्काराच्या मंचावर, त्यांच्याच गळ्यात. मागितली तर म्हणाले, "कोणती माळ?" आई गेली, ओंजळ रिकामीच राहिली. परवा सर वारले. हार घालायला मी सगळ्यांच्या पुढे घुसलो. लोक म्हणाले, काय ही गुरुभक्ती! मी सरांच्या गळ्यात माळ चाचपत होतो.