फाट्यावरची हळद

फाट्यावर उभं राहायचं काम मला मिळालं तेव्हा घरात सगळ्यांना हसू आलं. अंगात नारंगी जॅकेट, हातात लाल झेंडी, गळ्यात शिट्टी. शाळेची लेकरं आणि एसटीतून उतरणारी माणसं नीट रस्ता ओलांडतात का ते पाहायचं आणि रस्ता मोकळा ठेवायचा. माझी लेक याच रस्त्यानं सायकलवर कुरुंद्याच्या शाळेत जाते, म्हणून तर मी हट्टानं हे काम घेतलं.

मोकळा म्हणजे कसा, ते मला कामावर लावणाऱ्या साहेबांनी दाखवलं. आमच्याकडे शिजवलेली हळद डांबरावर वाळत घालतात. निम्मा रस्ता पिवळा, कडेनं दगड. हे सगळं उचलायला लावा, म्हणाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान असं व्हायला नको, म्हणून मी घरापासूनच सुरुवात केली. आधी सासूबाईंची हळद उचलायला लावली, मग गावाची. शिव्या खाल्ल्या, थोड्या दिल्याही. रिकामा रस्ता पाहून मला माझंच कौतुक वाटलं.

मग टेम्पो सुसाट सुटले. एकानं लेकीला असा कट मारला की ती सायकलीसकट नालीत गेली. गुडघे फुटले, हँडल वाकलं. नवरा म्हणाला, उद्यापासून शाळा बंद. सासूबाई तिच्या गुडघ्यात हळद भरत होत्या. वर न बघताच त्या म्हणाल्या, "हळद व्हती तवा गाड्या दबून जात व्हत्या. आता काहून दबतील?"

मला रागच आला. हळद होती तेव्हा सायकलवाली पोरं रस्त्याच्या मधोमध यायची, मोटारसायकली दगडावर आपटायच्या, हेही खरंच होतं की. मग बराबर काय? साहेबांना विचारलं, तर रस्ता मोकळा आहे ना, मग काम चांगलं चाललंय, म्हणाले. माझं डोकंच चालेना.

सकाळी बापाचं न ऐकता लेकीनं सायकल काढली. तसंच वाकडं हँडल धरून फाट्यावर माझ्यापुढं येऊन थांबली.

"आई, मी कुठून जाऊ?"

माझ्या मागं मागं ये म्हणाले आणि झेंडी धरून रस्त्यानं तिच्या पुढं चालू लागले. गाड्या हॉर्न वाजवत, पण दबून येत होत्या. खूप दिवसांनी जिवाला बरं वाटलं. शाळेच्या दारातून लेक आत गेली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बाकीची लेकरं आता फाट्यावर उतरत असतील, आणि झेंडी इथं माझ्या हातात होती.