माळावरचा फोटो

भूममध्ये माझं शिलाईचं दुकान आहे. समोरच माझ्या शाळेपासूनच्या दोस्ताचा फोटो स्टुडिओ. लग्नाच्या तारखा नसल्या की त्याचा एक कॅमेरा पडून असायचा. तो मला वापरायला द्यायचा.

ताऱ्यांच्या रेघांचे फोटो माझे मीच शिकलो. कॅमेरा उत्तरेकडं तोंड करून ठेवायचा, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे शेकडो फोटो घ्यायचे आणि त्याच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर एकावर एक चढवायचे. ध्रुवाभोवती गोल रेघा उमटतात. आकाशच फिरतंय असं वाटतं. फिरते ती आपल्या पायाखालची जमीन, हे शाळेत पाठ केलं होतं. पटलं ते चाळिशीत.

त्या डिसेंबरात मी गावाबाहेरच्या माळावर तीन तास बसलो. मध्येच बॅटरी संपली. गारठलेल्या बोटांनी दुसरी बसवेपर्यंत पाच-सहा मिनिटं गेली. पृथ्वी थोडीच थांबणार? फोटोत प्रत्येक रेघ मध्ये तेवढीच तुटलेली आली.

दोस्त म्हणाला, "खराब झालाय गड्या. कार्ड राहू दे माझ्याजवळ, बघतो काय करता येतंय का."

दोन महिन्यांनी तो पेढे घेऊन आला. धाराशिवच्या प्रदर्शनात त्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं. मी आनंदानं त्याच्यासोबत गेलो.

भिंतीवर माझा माळ नव्हता. त्या जागी बर्फाचा डोंगर चिकटवलेला, खाली त्याचं नाव आणि 'हिमाचल'. वर मात्र माझ्याच रेघा, सगळ्या मध्ये तुटलेल्या. ध्रुवही आपल्याकडं दिसतो तेवढाच खाली. हिमाचलात तो कितीतरी वर असतो. लोक डोंगराचं कौतुक करत होते.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी विचारलं, "हे काय केलंस?"

"कॅमेरा कुणाचा हुता?"

"तुझा. पण थंडीत माळावर कोण बसलं हुतं?"

"तुझं नाव कोण ओळखतंय? माझा धंदा हाय. एवढ्यावरून दोस्ती तोडतो व्हय?"

"खराब झालाय म्हणाला हुतास."

तो मोबाईल बघू लागला. आत जाऊन सांगितलं असतं, तर लोकांनी मूळ फोटो मागितले असते आणि कार्ड त्याच्याकडं होतं. शिवाय, खरं सांगायचं तर, तीस वर्षं जुन्या दोस्ताला चारचौघांत चोर म्हणायला जीभ रेटली नाही. चहा तसाच ठेवून मी एसटीनं एकटाच परत आलो.

उन्हाळ्यात मुलीच्या लग्नासाठी कोट शिवायला तो कापड घेऊन आला, जणू काही झालंच नव्हतं. त्याची मापं मला तोंडपाठ आहेत. तरी मी गळ्यातली टेप काढली.

तो हसला. "नवीन गिऱ्हाईक हाय का मी?"

मी म्हणालो, "हात जरा वर घ्या."