अण्णा दहावरून अकरावर जातात

चौकशी न करता आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकच गोष्ट केली असेल, ती म्हणजे जन्म घेणं. आणि तेही तेव्हा विचारायला तोंड नव्हतं म्हणून. निपाणीजवळच्या त्यांच्या गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. मुलीला स्थळ आलं की आमच्याकडे कुणीतरी जाणतं माणूस त्या गावी जाऊन चौकशी करून येतं. मुलगा पितो का, सासू बोलायला कशी आहे, हे सरळ विचारायचं नसतं. दुकानाच्या कट्ट्यावर बसायचं, उसाचं, पाण्याचं बोलायचं आणि बोलता बोलता काढून घ्यायचं. नात्यातल्या एकोणीस मुलींची चौकशी अण्णांनी अशी केली आणि त्यातल्या अठरा सुखात आहेत. एकोणिसावीचा नवरा घोरतो, आणि तेवढं चौकशीत निघालं नाही याचं अण्णांना अजून वाईट वाटतं. एवढ्यावर ते थांबले असते तर माझी तक्रार नव्हती. पण दाढ काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्या डॉक्टरांकडे आधी दाढ काढून घेतलेली सात माणसं शोधली, एकेकाच्या घरी जाऊन तोंड उघडायला लावलं, आणि तोवर त्यांची दाढ आपोआप पडली.

अण्णा तालुक्याच्या कचेरीतून क्लार्क म्हणून निवृत्त झाले. तेव्हापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, दर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात लोक येऊन बसतात. आमच्या भागात घरात मराठी आणि कचेरीत कन्नड. रेशन कार्डातलं नाव, थांबलेली पेन्शन, उताऱ्यावरची चूक, काय असेल ते लोक मराठीत सांगतात. अण्णा डोळे मिटून ऐकतात आणि कॉम्प्युटरवर कन्नडमधून अर्ज टाइप करतात. तेही कीबोर्डकडे न बघता. मी घड्याळ लावून पाहिलं आहे, एका अर्जाला सरासरी आठ मिनिटं. कुणाकडून काही घेत नाहीत. त्यांचा टायपिंगचा प्रोग्रॅम त्यांच्या कॉम्प्युटरपेक्षाही जुना आहे, पण त्यांच्या बोटांना तेवढाच ठाऊक.

गेल्या वर्षी त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर सूचना येऊ लागली, की दहा नंबरच्या विंडोजची मुदत संपली, आता अकरा नंबर घ्या. बेळगावात माझ्या घरी मी तो बदल एका रविवारी उरकला होता. अण्णांना मी फोनवर समजावलं, "दहाला आता नवं संरक्षण मिळणार नाही. तुमच्या मशीनमध्ये साडेचारशे लोकांचे आधार नंबर आहेत. उद्या कुणी ते चोरले तर?"

"बरुबर हाय," अण्णा म्हणाले. "जरा चौकशी करू या."

तीन तासांचं काम. चौकशीला पाच महिने लागले. कोगनोळीच्या नाक्याजवळ एका हॉटेलवाल्यानं अकरा नंबर घेतल्याचं कळलं, तर अण्णा तिथे तीन वेळा जाऊन मिसळ खाऊन आले. तो म्हणाला, "बरं हाय." अण्णांनी मला फोन केला, "नुसतं बरं हाय म्हंतोय. म्हंजे कायतरी झाकतोय." नंदगडच्या एका शिक्षकांनी उलट तोंड भरून कौतुक केलं. त्यावर अण्णा म्हणाले, "एवढं कौतुक कोन उगंच करतं? म्हंजे फसलाय, आनि आपल्यालाबी वढतोय." मी वैतागून एक तक्ता केला. तेवीस जणांना विचारून झालं होतं. चौदा जणांचा अनुभव चांगला, सहा जणांचा वाईट, आणि तिघांकडे कॉम्प्युटरच नव्हता.

"त्या तिघांना कशाला विचारलंत?"

"त्येंचा काय स्वार्थ न्हाय न्हवं. खरं सांगनार."

चोविसावी चौकशी बेळगावजवळच्या मच्छे गावात. तिथे एका छोट्या कारखानदाराच्या ऑफिसातली चारही मशीन अकरा नंबरवर गेली होती. ऑफिस घराला लागूनच. अण्णा बसनं बेळगावला आले, तिथून मी त्यांना स्कूटरवर बसवून नेलं आणि वाटेत बजावलं, की गेल्या गेल्या मुद्द्याचं विचारायचं. अण्णा "व्हय व्हय" म्हणाले आणि आत गेल्यावर खुर्चीच्या कडेला बसून त्यांनी मूळ गाव विचारलं. मग शेती किती, भाऊ किती, पाहुणे कुठले. पस्तीस मिनिटं झाली तरी कॉम्प्युटरचं नाव नाही. मालक हळूहळू सरळ होऊन बसले. आत जाऊन आले ते शर्ट बदलून. थोड्या वेळानं पोहे आले, आणि पोह्यांमागून त्यांची मुलगी आली, चांगली साडी नेसून, खाली मान घालून. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं.

अण्णा मात्र खुलले. "बस बाळ. ऑफिसातली मशीन कोन चालवतं?"

"मीच, काका."

"मग अकरा नंबर आल्यापास्नं कसं काय?"

मुलीनं मान वर केली. एकदा वडिलांकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि पदरात तोंड घालून हसली. मालकांचा चेहरा काही मला बघवला नाही. पण पोरगी हुशार. अण्णांचा जुना प्रोग्रॅम कोणता ते विचारून तिनं स्पष्ट सांगितलं, "काका, तो यात चालायचा न्हाय. नव्यात अक्षरांच्या जागा वेगळ्या. हात पहिल्यापास्नं बसवाय लागतोय. मला पंधरा दिवस लागले."

"तुझं वय किती, बाळ?"

"चोवीस."

परत येताना पिरनवाडी मागं पडली तेव्हा माझ्या खांद्यामागून आवाज आला, "पावनं, मी एकोनसत्तरचा."

"माहीत आहे."

"हात बसला न्हाय तर? गावात आता दोन दुकानं झाल्यात अर्ज करून द्यायला. मानसं जातील तिकडं." माझा खांदा धरून म्हणाले, "मग मंगळवारी सकाळी मी काय करायचं?"

पाच महिने मी ह्या माणसावर चिडत होतो आणि तेवीस जणांचा तक्ता करत होतो. खुद्द अण्णांचा रकाना मी त्यात केलाच नव्हता. साडेचारशे लोकांच्या नंबरांचं काय, हे मीच पुन्हा विचारायला हवं होतं. ते त्यांनीच काढलं. "पन लोकांचे नंबर माझ्यापायी चोरीला जानं बरं न्हवं," म्हणाले. "येत्या शुक्रवारी या. करून टाका."

शुक्रवारी मी सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर काढल्या, अकरा नंबर घातला, आणि सत्तेचाळीस कळांवर कन्नड अक्षरांचे स्टिकर चिकटवले. आक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, देवापुढं दिवा लावला. शनिवारी सकाळी मी मुद्दाम थांबलो. पहिल्या आल्या त्या पेन्शन थांबलेल्या एक आज्जी. अण्णांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं, मग डोळे उघडले, चष्मा नाकावर ओढला आणि एका बोटानं अक्षर शोधायला सुरुवात केली. पंचवीस मिनिटांत आज्जींचं नाव आणि गाव झालं.

"अण्णा, बरं न्हाय व्हय आज?"

"बरा हाय की. मशीन बदललंय."

"मग त्याला जरा दम खाऊ द्या. मला कुटं बस गाठायची हाय?"

बाहेर सोप्यात तिघं बसले होते. त्यातला एक उठला, मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं, बाजारातल्या त्या दुकानांच्या दिशेनं बोट केलं आणि चपला घालून निघून गेला. अण्णांना ते दिसलं नाही. कीबोर्डवरची नजर काढायची आता त्यांना सोय नव्हती.

"पावनं," ते मान वर न करता म्हणाले, "भाईर किती बसल्यात?"

मी दाराबाहेर पाहिलं. दोघं होते.

"तिघं," मी म्हणालो.

"बसा म्हनावं. हुतंय," अण्णा म्हणाले, आणि पुढचं अक्षर शोधायला लागले.