तात्यांचा आवाज डेस्कटॉपवर

इंदिरानगरातल्या प्रतिभाताई कुणाला घाबरायच्या नाहीत, हे सगळ्या कॉलनीला माहीत. शाळेच्या ऑफिसात उभी हयात काढली, पन्नाशी उलटल्यावर एमएस-सीआयटी पास झाल्या, तपासणीला साहेब आले तरी हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या नाहीत. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, हीच बाई कॉम्प्युटरसमोर बसून अशी थरथरत होती, की माऊस टेबलावर टकटक वाजत होता.

वाजणारच हो! त्या डब्यात तिच्या नवऱ्याचा आवाज होता.

नवरा म्हणजे सावळीरामतात्या. मूळचे सिन्नरकडचे. मार्केट यार्डात भाजीचा लिलाव पुकारायचे. मेथीच्या जुडीवर असे काही ओरडायचे, की पलीकडच्या गाळ्यातलं गिऱ्हाईक आपलं सोडून इकडे यायचं. घरीही तोच सूर. "अगं ए, चहा!" म्हटलं की खालच्या मजल्यावरच्या बाई आपलं आधण ठेवायच्या. "अहो, हळू बोला, मी बहिरी नाहीये," हे प्रतिभाताईंचं लग्नापासूनचं पालुपद.

मग गळ्याला गाठ आली आणि डॉक्टरांनी स्वरपेटीच काढायची म्हणून सांगितलं. ऑपरेशनच्या आधी प्रतिभाताईंनी तात्यांना माईकसमोर बसवलं आणि जे सुचेल ते बोलून घेतलं. या, बसा. जेवलीस का? मीठ कमी हाय. तात्यांनी एक अख्खा लिलावही पुकारला, शेवटी स्वतःच हसले. आता गळ्याला भोक, त्यावर पांढरा रुमाल, आणि बोलायचं झालं तर पाटी नाहीतर कॉम्प्युटर. पाहुणा आला की तात्या बटण दाबायचे आणि स्पीकरमधून त्यांचाच दणदणीत आवाज यायचा, "या, बसा!" पाहुणा आधी दचकायचा, मग डोळे पुसायचा.

तो कॉम्प्युटर दसऱ्याच्या तोंडावर बिघडला. सुरू व्हायचा, गोल गोल फिरायचा, निळा पडायचा, पुन्हा पहिल्यापासून. कॉम्प्युटरच्या दुकानातला ओम आज एका साखरपुड्यासाठी मालेगावला निघाला होता. जाता जाता दारात पेन ड्राईव्ह देऊन गेला. "काकू, विंडोज नव्यानं टाका. सी ड्राईव्ह पुसायचा, डीला हात लावायचा नाही. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर पास झालेल्या!" प्रतिभाताईही फुशारल्या. आपलं आपण करू, त्यात काय एवढं.

काय एवढं, ते आता कळत होतं. पेन ड्राईव्ह लावला, पडद्यावर इन्स्टॉल आलं, त्यांनी दाबलं. इंग्रजीत एक चौकट आली. काहीतरी सापडत नाही म्हणे. त्यांनी चौकट बंद केली, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, सापडत नाही. काय सापडत नाही? अरे बाबा, नीट सांग ना, काय सापडत नाही! त्यांनी मागे नेलं, पुढे नेलं, मध्येच कुठल्याशा बटणावर हो म्हटलं. आपण कशाला हो म्हटलं हे काही केल्या आठवेना.

तात्या आतून पाटी घेऊन आले. पाटीवर लिहिलं होतं, "झालं का?"

"होतंय हो. जा तुम्ही, लसूण सोला."

तात्या गेले. प्रतिभाताईंनी पदर तोंडाशी धरला. फोनमध्ये घेतलेलं तेच रेकॉर्डिंग जागा पुरत नाही म्हणून त्यांनीच पुसून टाकलं होतं. दुसरीकडे कुठेही नव्हतं. जगाच्या पाठीवर ह्या माणसाचा आवाज एवढ्या एका डब्यात, आणि त्यावर आपण हो म्हणून बसलो. देवा, ह्यांना काय सांगू? आतून लसणाची साल पाखडल्याचा आवाज येत होता, बाकी घर गप्प होतं. पूर्वी ह्या शांततेसाठी त्या नवस बोलल्या असत्या.

शेवटी त्यांनी ओमला फोन लावला. सगळं ऐकून ओमला राहवलं नाही. तो वाटेतच होता, तसाच घरी आला, साखरपुड्याच्या कपड्यांत. खुर्ची ओढत त्यानं विचारलं, "काकांचे आवाज डीमध्येच आहेत ना?"

"ते मला नाही माहीत. समोरच असतात. सुरू केल्यावर दिसतात ना, तिथेच. सगळे तिथेच तर ठेवतात!"

ओमचा चेहरा उतरला. "डेस्कटॉपवर? काकू, डेस्कटॉप म्हणजे सीच. मी तुम्हाला सीच पुसायला सांगून गेलो. आधी विचारायला नको होतं का मी!"

प्रतिभाताईंनी टेबल घट्ट धरलं. तात्या दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हात रुमालावर गेला आणि तिथेच राहिला.

ओमनं पेन ड्राईव्ह उपटला आणि थबकला. पेन ड्राईव्हचं तोंड लालभडक होतं. त्यानं मोबाईलचा टॉर्च खाचेत मारला, टाचणी घेतली आणि आतून एक अक्षत बाहेर काढली. कुंकवात माखलेली.

"ही कुणाची पूजा?"

तात्यांनी मान खाली घातली. दसऱ्याला मार्केटात वजनकाट्याची पूजा व्हायची, घरी त्यांनी कॉम्प्युटरची केली होती. बिघडलेला असला म्हणून काय झालं, आता तोच त्यांचा गळा. झेंडूचा हार घातला आणि ओल्या कुंकवाचं बोट जिथे जिथे तोंड दिसलं तिथे तिथे लावलं, वर अक्षता दाबल्या.

"अहो काका, पेन ड्राईव्ह नीट लागतच नव्हता! म्हणून ते अडकलं. पुसायच्या पायरीपर्यंत पोचलंच नसणार." ओम भराभर स्क्रू काढू लागला. "पण थांबा, बघितल्याशिवाय मी काही बोलत नाही."

त्यानं हार्ड डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर नावं उमटली. चहा. मीठ. लिलाव. ओमनं मिळेल त्या फाईलवर टिचकी मारली.

"अगं ए, माझा चष्मा कुठं हाय?"

"फ्रीजवर ठेवलाय ना मघाशी! जरा डोळे उघडून बघत जा की!" प्रतिभाताई खेकसल्या. वर्षानुवर्षांची सवय, तोंडातून निघूनच गेलं.

मग त्यांनी दाराकडे पाहिलं. चष्मा तात्यांच्या नाकावरच होता, आणि तात्यांचे खांदे हसून हसून गदगदत होते, बिनआवाजाचे. प्रतिभाताई मटकन खाली बसल्या आणि हमसून हमसून रडल्या.

"पुन्हा लाव रे," त्या ओमला म्हणाल्या.

ओमनं पुन्हा लावलं, आणि त्यांनी पुन्हा उत्तर दिलं.