वाल्ववरचं पिवळं फडकं

आधीच सांगते, मी फिजिक्समध्ये पीएचडी करतेय आणि आमच्या घरी नवस, उतारे, दृष्ट असलं काही कधी झालेलं नाही. कुणी भुताच्या गोष्टी काढल्या की मी सरळ उठून जायचे. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय... पण लिहिणार.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत, तळमजल्यावर आमचं मशीन. काम असं — धनभारित आयन वेगाने एका वायूतून सोडायचे. जाता जाता काही आयन वायूच्या अणूचा इलेक्ट्रॉन पळवतात. असे किती, ते मोजायचं. पण व्हॅक्यूम करूनही नळीत थोडी हवा उरते, आणि तिच्यातूनही आयन इलेक्ट्रॉन उचलतात. म्हणून वायूचा वाल्व बंद करून एक ‘रिकामं’ रीडिंग घ्यायचं आणि ते वजा करायचं.

आमचे टेक्निशियन गायकवाड काका यात कधी सूट द्यायचे नाहीत. वाल्व बंद केला की त्यावर पिवळं फडकं अडकवायचे, चुकून कुणी उघडू नये म्हणून.

“काका, व्हॅक्यूम मस्त आहे, कशाला उगाच?”

“मग थिसिसमध्ये तसंच लिही ना, मस्त होतं म्हणून.”

काका गेल्या वर्षी रिटायर झाले. या शनिवारी मशीन कायमचं बंद होणार होतं, आणि माझा आकडा आजवर मोजलेल्या सगळ्यांच्या दीडपट येत होता! माझे गाईड सर खूश, मी हवेत. रिकाम्या रीडिंगला तासभर गेला असता... मी ते टाळलं. हो, टाळलं.

बुधवारी दुपारी मोजणी चालू ठेवून, खोलीला कुलूप लावून जेवायला गेले. परत आले तर वाल्व घट्ट बंद. त्यावर पिवळं फडकं. स्क्रीनवर मोजणी एक तृतीयांशावर येऊन स्थिर झालेली. वजा करून बघितलं — माझा आकडा सगळ्यांसारखाच. दीडपट वगैरे सगळं त्या उरलेल्या हवेचं.

काका रिटायर झाल्यापासून ते फडकं माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. एक किल्ली माझ्या सॅकमध्ये, दुसरी सरांकडे, आणि सर दिल्लीला. खोलीला खिडकी नाही. कॉरिडॉरचा कॅमेरा वॉचमनकाकांबरोबर दोनदा पाहिला... कुणीच नाही.

सर फोनवर म्हणाले, “कुणी घेतलं माहीत नाही ना? मग सोडून दे ते रीडिंग.”

नाही सोडलं. कुणी घेतलं माहीत नाही म्हणून वापरणार नव्हते, पण पाहिलं नाही असंही करणार नव्हते. गुरुवारी आणि शुक्रवारी स्वतः वाल्व बंद केला, फडकं अडकवलं, मोजलं. दोन्ही वेळा तेच. थिसिसमध्ये आता साधा आकडा आहे, आणि तो खरा आहे.

रविवारी काकांना भेटायला येरवड्याला गेले. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये, तीन आठवडे पलंगावरच. सगळं ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“बुधवारी एकच रीडिंग होतं?”

“हो.”

“मग मी नव्हे. मी कायम तीन घेतो.”

मी हसले, निघाले. वाघोलीच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं... बुधवारचं एक, आणि नंतरची माझी दोन. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. फडकं मात्र आहे, धुतलेलं नाही.